संदर्भ आठवडा

मी हिल्का. हेलसिंकीत चौथ्या मजल्यावर बसते,
कानाला फोन, समोर पडदा, महिन्याला ऐंशी घरं.
हीटाकोस्की गावचा रेइयो हुत्तुनेन
माझ्या वाट्याला नमुन्यातून आला.
यंत्रानं उचललेली एक चिठ्ठी,
तिच्यामागे दोनशे बारा माणसं उभी,
त्याच्यासारखीच असतील असं धरून चाललेली.
पंधरा महिन्यांत पाच फोन. मग तो सुटणार.

पहिला सप्टेंबरात.
कागद गिरणी बंद होऊन सहा आठवडे झालेले.
"गेल्या आठवड्यात, सोमवार ते रविवार,
मोबदल्यासाठी किमान एक तास काम केलंत का?"
"एकतीस वर्षं केलं," तो म्हणाला,
"ती कुठल्या रकान्यात घालतेस?"
मी प्रश्न पुन्हा वाचला.
पुन्हा वाचताना शब्द बदलायचा नसतो.

डिसेंबरात विचारलं, चार आठवड्यांत काम शोधलंत?
"शोधायला ते हरवलंय कुठे?
तीन नंबरचं यंत्र सुटं करून
नव्वद पेट्यांतून समुद्रापार गेलं.
पेट्यांवरचे पत्ते मीच चिकटवले.
काम कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक आहे."
शोधत नाही, अशी खूण केली.
म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेर.
म्हणजे बेरोजगारांच्याही खिजगणतीत नाही.

मार्चमध्ये फोन इर्मेलीनं घेतला.
तो तळ्यावर होता, बर्फाला भोक पाडून बसलेला.
मासे विकतो का?
विकत नाही. शेजारणीला चार दिले,
तिनं सरपण टाकलं दारात.
मी सूचनापुस्तिका उघडली, पान चौसष्ट.
सरपण हा मोबदला आहे का
याचं उत्तर पान पासष्टवरही नव्हतं.
"तुमच्याकडे थंडी आहे का गं?" इर्मेलीनं विचारलं.
हा प्रश्न फॉर्ममध्ये नाही. आहे, म्हटलं.

जूनमध्ये त्यानं कुणाच्या तरी बोटीचं इंजिन
दुरुस्त करून दिलं. वीस युरो. तासभर,
फार तर सव्वा.
"मग तुम्ही रोजगारात आहात," मी म्हटलं.
तो इतका हसला की खोकला लागला.
"थांब, बायकोला सांगतो, नोकरी लागली."
कागदोपत्री लागलीच होती.

त्या शरदात अहवाल आला.
प्रदेशाचा टक्का साडेचौदावरून बाराच्या खाली,
ऋतुमानाचा परिणाम काढून टाकून.
(रेइयोकडून ऋतू काढून टाकले
तर काय उरतं, कोण जाणे.)
साहेबांनी केक मागवला.
मी गावागावांचे आकडे चाळत बसले:
पोरं नॉर्वेला मासे कापायला गेली,
अंशातून गेली, छेदातूनही गेली;
शाळेचे दोन वर्ग एक झाले;
थकलेल्यांनी शोधणं सोडलं.
टक्का उतरतो तो असाही.
गणितात चूक नव्हती. तीनदा तपासलं.
केक लिंगोनबेरीचा होता. मी दोन तुकडे खाल्ले.

पाचवा फोन, पुन्हा डिसेंबर.
सगळी उत्तरं "नाही".
मग त्यानंच विचारलं,
"माझं हे सगळं तू कशावर लिहितेस?"
"पडद्यावर."
बराच वेळ फक्त त्याचा श्वास.
"आणि आधी?"
"आधी कागदी फॉर्म होते."
"सत्तर ग्रॅमचे," तो म्हणाला. "सरकारी माल.
आमच्याकडचाच. रात्रपाळीला धावायचा.
डोळे मिटून दोन बोटांत धरला तरी
सत्तर की ऐंशी, सांगायचो."
मी आभार मानले. सहभागाबद्दल,
ठरलेल्या वाक्यात.

संध्याकाळी कॉफीच्या कपाटात, कपांखाली अंथरलेला
एक जुना कोरा फॉर्म सापडला,
तपकिरी वर्तुळं उमटलेला.
दिवा बंद केला, दोन बोटांत धरला.
धरून ठेवला.
मला काही कळलं नाही.